जुन्या मोटारी आणि त्यांचे कारागीर

३० ऑक्टोबर २०२३ या दिवशीं मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी कायमची निघून गेली. मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तिची मुदत भरली आणि तिच्याबरोबर शहराच्या आयुष्यांतील एक पर्वहि संपलें. वर्तमानपत्रांनीं तिचीं छायाचित्रें छापलीं, जुन्या प्रवाशांनीं आठवणी सांगितल्या. गाडीला निरोप देणारांची उणीव पडली नाहीं. परंतु ज्या हातांनीं ती गाडी इतकीं वर्षें चालती ठेवली, त्या हातांविषयीं मात्र त्या दिवशीं फारसें कोणी बोललें नाहीं.

टॅक्सी म्हणून तिचें आयुष्य सरलें, तरी मोटार म्हणून तें सरलेलें नाहीं. मुंबई, ठाणें, पुणें, कोल्हापूर या शहरांतून कितीएक घरीं आजोबांची फियाट, एखादी मॉरिस किंवा ऑस्टिन, क्वचित् त्याहूनहि जुनी गाडी आच्छादनाखालीं उभी आहे. ती पुन्हां चालावी, आणि पूर्वीच्याच रूपांत चालावी, अशी घरांतल्या कोणाला इच्छा झाली, कीं पैशाच्या अडचणीआधीं माणसाची अडचण उभी राहते. हा भाग कोठें मिळेल, असें विचारतां विचारतां मालक अखेर हा भाग कोण घडवील, या प्रश्नापाशीं येऊन पोंचतो. त्या प्रश्नाचें उत्तर बाजारांत शोधण्यापूर्वीं इतिहासांत शोधावें लागतें. हे कारागीर कोठून आले, कशामुळें टिकले आणि आज कोणीकडे गेले, हें ज्यास ठाऊक आहे, त्यालाच ते सांपडतात.

प्रथम ‘मूळ भाग’ म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं वेगळे नियम केले. अशा वाहनाची नवी नोंदणी वीस हजार रुपये शुल्क घेऊन दहा वर्षांसाठीं होते, त्याच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि तें नित्याच्या वाहतुकीसाठीं अगर धंद्यासाठीं वापरतां येत नाहीं. मेळावे, प्रदर्शनें, संशोधन व दुरुस्ती एवढ्यापुरतेंच तें रस्त्यावर आणावयाचें. या नियमांतील खरी अट दुसरीच आहे. वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें. त्याचा सांगाडा, देह व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट योग्य आहे, परंतु ती पाळावयाची तर मूळ स्वरूप जाणणारा व घडवूं शकणारा मनुष्य हवा. कायद्याला मूळ स्वरूप मागतां येतें. तें निर्माण करणें कायद्याच्या हातीं नाहीं.

युरोपांतहि या प्रश्नाचा खल झालेला आहे. जुन्या वाहनांच्या संस्थांचा जागतिक संघ १९६६ मध्यें स्थापन झाला आणि त्यानें २०१२ मध्यें इटलींतील ट्यूरिन शहराच्या नांवानें एक सनद संमत केली. प्राचीन वास्तूंसाठीं १९६४ मध्यें झालेली व्हेनिसची सनद तिला आदर्शभूत होती. तिचा सारांश असा, कीं जुनें जेवढें टिकवितां येईल तेवढें टिकवावें, बदलणें अपरिहार्य असेल तेव्हांच बदलावें, आणि काय बदललें याची नोंद ठेवावी. म्हणजे झिजलेला भाग फेंकून नवा बसविणें सोपें, आणि झिजलेलाच भाग पुन्हां कामास लावणें कठीण. पण श्रेष्ठ मानावयाचें तें कठीण काम. येथून कारागिराचें महत्त्व सुरू होतें.

मुंबईंत मोटारी येऊं लागल्या त्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे त्या पहिल्या मालकांपैकीं एक होते. मोटार विलायतेहून आली, पण तिला सांभाळणारे हात येथलेच होते, आणि ते आधींपासून तयार होते. घोड्याच्या गाड्या बांधणारे सुतार, लोहार, चामड्याचें काम करणारे मोची, रंगारी हेच मोटारीचे पहिले वैद्य झाले. त्या काळीं पुष्कळ वेळां विलायतेहून केवळ सांगाडा व इंजिन येई आणि वरचा देह येथें बांधला जाई. मद्रासेस १८४० मध्यें निघालेली सिम्प्सन कंपनी ही मूळची घोडागाड्या बांधणारी. तिनेंच पुढें मोटारींचीं कामें हातीं घेतलीं. त्या देहाचा आंतला सांगाडा लाकडाचा असे व त्यावर पत्रा ठोकलेला असे. विलायतेंत त्यास ॲश नांवाचें लाकूड वापरीत; इकडे सागवान उपयोगांत आलें. आजहि इंग्लंडांतील मॉर्गन कंपनी आपल्या मोटारींच्या देहांत ॲशचें लाकूड घालते. तेव्हां ही विद्या पुराणवस्तु झाली आहे असें कोणीं समजूं नये.

चाकाचें उदाहरण तर आपल्या खेड्यांतच आहे. १९२० च्या आगेमागेच्या पुष्कळ मोटारींचीं चाकें लाकडी आऱ्यांचीं असत. बैलगाडीचें चाक करणारा सुतार तुंबा, आरे व पुठ्ठे यांचा जो मेळ घालतो, तोच मेळ तेथेंहि होता. लोहार लोखंडी धाव चाकाच्या परिघापेक्षां किंचित् लहान करतो, गोवऱ्यांच्या कड्यांत ती लाल करतो, फुगलेली धाव चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि सगळे सांधे असे आवळते कीं खिळ्याची गरज राहत नाहीं. किती लहान करावयाची, हें तो सुताशिवाय दुसऱ्या कशानें मोजीत नाहीं. पण त्याचा अंदाज चुकत नाहीं. ज्या गांवांत बैलगाडीला रबरी चाकें लागलीं, त्या गांवांतून ही विद्या निघून गेली. आज एखाद्या जुन्या मोटारीच्या लाकडी चाकाचा आरा सैल झाला, तर शहरांतील उत्तम यंत्रशाळेपेक्षां घाटावरचा एखादा म्हातारा सुतार अधिक उपयोगी पडावा, यांत नवल नाहीं.

ही झाली पहिली पिढी. दुसरी पिढी घडविली ती आगगाडीनें व गिरण्यांनीं. लोअर परळचा रेल्वे कारखाना १८७६ चा आणि परळचा १८७९ चा. तेथें फिटर, टर्नर, ओतारी, फर्मे करणारे असे शेंकडों लोक शिकून तयार झाले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्यें निघाली. प्रत्येक गिरणींत स्वतःची यंत्रशाळा असे, कारण मँचेस्टरहून सुटा भाग येण्यास महिने लागत आणि तोंपर्यंत माग बंद ठेवणें परवडत नसे. तुटलेला दांता, झिजलेला दंड, फुटलेली कडी जागच्या जागीं घडविणें हाच या मिस्त्रींचा नित्यक्रम होता. मोटारीचा भाग घडविणें त्यांस नवें नव्हतें. यंत्र तेवढें निराळें होतें.

मग मोटारीचे कारखानेच मुंबईस आले. जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें शिवडीस मोटारी जोडण्याचें काम सुरू केलें. पाठोपाठ फोर्ड कंपनीहि आली. परंतु हें काम जोडणीचें होतें, निर्मितीचें नव्हतें. मोटार याच देशांत संपूर्ण तयार व्हावी, असा ध्यास ज्यांनीं घेतला त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या व शेठ वालचंद हिराचंद हीं नांवें प्रमुख आहेत. परकी सरकारची अनास्था सोसून वालचंदांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ मध्यें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभीं त्या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें जोडलेल्या डॉज व प्लिमथ जातीच्या होत्या. १९५० नंतरच्या दशकांत इटलीची फियाट ११०० आली, आणि तिचीच सुधारलेली मूर्ति पुढें १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली गेली. हिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें होतें. विसावें शतक संपेपर्यंत ही गाडी निघत राहिली, आणि तिनें मुंबई, कुर्ला, ठाणें या भागांत छोट्या कारखानदारांचें एक जाळेंच विणलें.

याच काळांत एक गोष्ट घडली, जिचें फळ गोडहि आहे आणि कडूहि. १९५३ मध्यें सरकारनें असें ठरविलें कीं ज्यांस येथेंच क्रमाक्रमानें संपूर्ण मोटार बनवावयाची असेल त्यांनींच राहावें. जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं आपलें काम आवरतें घेतलें. परदेशी मोटारी व त्यांचे भाग येणें जवळ जवळ थांबलें. ज्या घरांत शेव्हरोले किंवा ऑस्टिन होती, त्या घरास ती टाकतां येईना व तिचा भाग मागवितांहि येईना. मग मिस्त्रीवांचून गत्यंतर नव्हतें. त्यानें इकडचा पिस्टन तिकडे बसविला, एकीचा कार्बोरेटर दुसरीस लावला, अमेरिकन गाडींत डिझेलचें इंजिन घातलें. या युक्तीनें गाड्या वांचल्या. पण त्यांचें मूळपण गेलें तेंहि याच युक्तीनें. आज जो मालक मूळ भागाच्या शोधांत हिंडतो, तो पुष्कळदां त्याच मिस्त्रीच्या चातुर्याचे परिणाम उलटवीत असतो. यांत मिस्त्रीस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यानें जे केलें तें गाडी चालावी म्हणून केलें. आणि ती चालली नसती तर भंगारांत गेली असती.

तिसरें पर्व खाडीपलीकडचें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्यें स्थापन झालें आणि ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखाने उभे राहिले. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबई वसूं लागली. १९७३ मध्यें ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पहिला पूल झाला आणि दोन्ही तीर जोडले गेले. मुंबईच्या गर्दींतला लोखंड-पोलादाचा बाजार हलविण्यासाठीं कळंबोलीस जागा करण्यांत आली. इकडे १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हां वाजले नाहींत. गिरणींतील यंत्रशाळा मोडल्या, लेथ लिलावांत गेले, आणि त्यांवर काम करणारे हात विखुरले. कोणी गांवीं गेले, कोणी पहारेकरी झाले, आणि ज्यांस हुन्नर सोडवेना ते लहान लहान गाळ्यांतून काम करूं लागले. म्हणून जुन्या मोटारीचा भाग घडविणारा मनुष्य आज मोटारीच्या दुकानांत सांपडेलच असें नाहीं. तो रबाळें, महापें, पावणें, तुर्भें किंवा तळोजें येथील एखाद्या पत्र्याच्या छपराखालीं, औषधाच्या अगर रसायनाच्या कारखान्याच्या पंपाचे भाग करीत बसलेला असण्याचा संभव अधिक. त्याच्या दारावर ‘मोटार’ हा शब्दसुद्धां नसतो.

असा मनुष्य नेमकें काय करतो, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एखाद्या मोटारीच्या पाण्याच्या पंपाचें बिडाचें घर तडकलें आहे. अननुभवी ओतारी तें जुनेंच घर वाळूंत दाबून त्याचा साचा घेईल व त्यांत लोखंड ओतील. निघालेला भाग दिसावयास हुबेहूब असेल, पण बसणार नाहीं. कारण वितळलेलें बीड थंड होतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. पितळ त्याहूनहि अधिक आकसतें. शिवाय जुन्या भागाची झीजहि नव्या भागांत उतरते. जाणता कारागीर प्रथम लाकडाचा फर्मा करतो, आणि तो करतांना नेहमींची फूटपट्टी वापरीत नाहीं. फर्मेवाल्याची पट्टी वेगळी असते. तिचा फूट जगाच्या फुटापेक्षां त्या आकुंचनाएवढा लांब असतो. जेथें पुढें लेथवर तासावयाचें असेल तेथें तो जाडी वाढवून ठेवतो, फर्मा वाळूंतून सुखरूप निघावा म्हणून त्याच्या बाजूंस किंचित् उतार देतो, आणि झिजण्यापूर्वीं तो भाग कसा असेल याचा विचार करून मापें ठरवितो. दिसतें त्याची नक्कल करणें हें त्याचें काम नव्हे. मूळच्या आंखणाऱ्याच्या मनांत काय होतें तें ओळखणें हें त्याचें काम.

दुसरें उदाहरण पांढऱ्या धातूचें. अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ मध्यें कथील, अँटिमनी व तांबें यांच्या मिश्रणाचा उपयोग बेअरिंगसाठीं शोधून काढला. जुन्या मोटारींत हा धातु दंडाच्या बैठकींत वितळवून ओतलेला असे. हल्लींसारखे तयार कवचाचे तुकडे नसत. तो पुन्हां ओतावयाचा तर आधीं बैठकीला कथलाचा हात द्यावा लागतो. धातु किती तापला हें पाहण्याची जुन्या मिस्त्रींची खूण अशी, कीं लाकडाची काडी त्यांत बुडविली असतां ती करपावी, पण पेटूं नये. ओतून झाल्यावर आंतलें छिद्र तासून घ्यावयाचें, दंडास निळा रंग लावून तो फिरवावयाचा, आणि जेथें जेथें निळा डाग उमटेल तेथें तेथें हातानें खरवडावयाचें. पुन्हां रंग, पुन्हां खरवड. असें करतां करतां डाग सर्वत्र सारखे उमटूं लागले, कीं बेअरिंग बसलें. हें काम एका दिवसांत उरकणारें नाहीं, आणि पुस्तकावरून तर येतच नाहीं.

हातापाठोपाठ ज्ञानहि लागतें. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारींच्या चकचकीत भागांवर निकेलचा मुलामा असे. क्रोमचा मुलामा त्यानंतर रूढ झाला. निकेलची झांक किंचित् पिवळसर व उबदार, क्रोमची निळसर व थंड. १९२२ च्या गाडीचे दिवे क्रोमनें झळकविले, तर ते जाणकाराच्या डोळ्यांस खुपतात. रंगाचेंहि तसेंच. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंत लवकर वाळणारा सेल्युलोजचा रंग आला. तत्पूर्वीं वार्निशाचे थर एकावर एक चढवीत व गाडी कित्येक दिवस वाळत ठेवीत. स्क्रूच्या आट्यांचा घोटाळा तर विलक्षण आहे. मॉरिस मोटारींच्या इंजिनांत आटे फ्रेंच मिलिमीटर पद्धतीचे आणि बोल्टाचें डोकें मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाचें असे. याचें कारण, तीं इंजिनें हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कोव्हेंट्रींतील कारखान्यांत होत. यंत्रें फ्रेंच, पण पाने इंग्रजांच्या हातचे. हें ज्यास ठाऊक नाहीं, तो इंग्रजी गाडी म्हणून इंग्रजी आट्यांचा बोल्ट जोरानें बसवील आणि शंभर वर्षें टिकलेलें बीड एका क्षणांत फोडील.

आतां असा प्रश्न येईल, कीं यंत्रयुग इतकें पुढें गेलें असतां या जुन्या हातांची मातब्बरी काय? नवी मुंबईंतच संगणकावर चालणारे लेथ आहेत. वस्तूवर प्रकाश टाकून तिची मापें टिपणारीं यंत्रें आहेत. थरावर थर चढवून फर्मा छापणारींहि आहेत. यांचा उपयोग मोठा आहे व तो अवश्य करावा. ज्या फर्म्यास सुतारास आठवडा लागे, तो यंत्र एका रात्रींत देतें. परंतु मापें टिपणारें यंत्र झीजहि इमानानें टिपतें. मूळ माप कोणतें आणि झिजलेलें कोणतें, हा विवेक त्यास नाहीं. पत्र्याचा गोलावा हातानें चांचपून ‘येथें सूतभर उंच आहे’ असें सांगणारा डेंटर, आणि पडद्यावर आकृति पाहणारा तरुण इंजिनिअर, हे दोघे एका टेबलाशीं बसले तर उत्तम काम होईल. दुर्दैव असें, कीं तरुण येण्यापूर्वींच म्हातारा निघून जात आहे.

येथें या विषयाची खरी निकड आहे. सुटे भाग गोदामांत पडून राहतात. विद्या पडून राहूं शकत नाहीं. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली तरच जिवंत राहते. मिस्त्रीचा मुलगा आज त्या गाळ्यांत येऊं इच्छीत नाहीं, आणि त्याचें चुकतें असेंहि म्हणवत नाहीं. ज्या कामास वीस वर्षें शिकावें लागतें, त्याची मजुरी तासांच्या हिशेबानें घासून घेतली जाते. गाडीचा मालक आयात केलेल्या एका दिव्यासाठीं मागतील ती रक्कम देतो, आणि त्याच दिव्याचा पितळी कडा आठ दिवस बसून सरळ करणाऱ्यापाशीं मात्र घासाघीस करतो. शिकाऊ उमेदवारांसाठीं १९६१ चा कायदा आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांत फिटर व टर्नर शिकविले जातात. पण पांढरा धातु ओतणें, लाकडी फर्मा करणें, हातानें पत्रा घडविणें, या गोष्टींस उमेदवार हवा असेल तर त्याला त्या मिस्त्रीच्या शेजारींच बसवावें लागेल.

इतर देशांनीं हें वेळींच ओळखलें. अमेरिकेंत कॅन्सस राज्यांतील मॅकफर्सन कॉलेजांत १९७६ पासून जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचें शिक्षण दिलें जातें व त्याची पदवीहि मिळते. इंग्लंडांत १९७५ मध्यें निघालेल्या एका संस्थेनें बंद पडलेल्या मोटारींचे मूळ साचे जपून ठेवले आणि त्यांवरून एम्‌. जी. मोटारीचे देह पुन्हां काढले. तेथें विद्येला विद्यालय मिळालें आणि साच्यांना घर मिळालें. आपल्याकडे साचे लोखंडाच्या भावानें गेले, आणि विद्येस अद्याप घर मिळावयाचें आहे.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं, कारण जुनी वस्तु वापरांत राहिली कीं तिच्याभोंवतीं हातहि राहतात, याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. कोल्हापुरास दसऱ्याच्या सोहळ्यांत छत्रपति राजाराम महाराजांच्या काळांतली जर्मन मेबॅक मोटार आजहि मिरवणुकींत निघते. ती बनविणाऱ्या कारखान्यानें त्या जातीच्या मोटारी करणें दुसऱ्या महायुद्धांतच सोडून दिलें. वर्षांतून एकदां का होईना, ती गाडी स्वतःच्या बळावर हजारों लोकांसमोर चालली पाहिजे, हा नेम आहे. आणि नेम आहे म्हणून तिच्याकडे बारा महिने लक्ष पुरविणारा कोणी तरी असावाच लागतो. कोल्हापूर हें ओतकामाचें व यंत्रकामाचें गांव. तेथें विद्या व निमित्त दोन्ही एकत्र आलीं आहेत. देवाच्या पालखीमुळें जशी पालखी बांधणाऱ्याची कला टिकते, तसेंच हें आहे.

नवी मुंबईस असें कांहीं करतां येणें मुळींच अशक्य नाहीं. खाडीच्या या तीरावर बीड ओतणारे आहेत, मुलामा देणारे आहेत, लेथवाले आहेत, पोलादाचा बाजार आहे आणि अभियांत्रिकीचीं महाविद्यालयेंहि आहेत. जें नाहीं तें इतकेंच, कीं कोणता हुन्नर कोणाच्या हातांत आहे याची एके ठिकाणीं नोंद नाहीं. जुन्या मोटारींच्या मालकांनीं एवढें केलें तरी पुष्कळ होईल: गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक वही ठेवावी, कोणता भाग केव्हां बदलला किंवा सुधारला, कोणत्या धातूचा, कोणत्या मापाचा, आणि कोणाच्या हातचा, हें तींत लिहावें. जुना भाग निरुपयोगी झाला तरी भंगारांत न देतां नमुना म्हणून जपावा. आणि कारागीर काम करीत असतां त्याच्याजवळ एखादा होतकरू मुलगा बसेल अशी तजवीज करावी, त्या मुलाचा रोज स्वतः द्यावा. एका दिव्याच्या किमतींत एक उमेदवार कित्येक महिने शिकेल.

गाडीवर तिला बनविणाऱ्या कंपनीचें नांव पितळेंत कोरलेलें असतें. तिला पन्नास वर्षें चालती ठेवणाऱ्या मिस्त्रीचें नांव तिच्यावर कोठेंहि नसतें. ज्या दिवशीं तें निदान मालकाच्या वहींत तरी लिहिलें जाईल, त्या दिवसापासून मूळ भागांचा शोध थोडा सोपा होईल. कारण पुढच्या पिढीला मग भागाचा पत्ता नव्हे, तर माणसाचा पत्ता मिळेल.